पासंग

करबाबादच्या किल्ल्याखाली, समुद्राला लागून,
बहारीनचं जुनं सामान ठेवलंय.
तिथे मी काचा बसवतो.
आठ मिलिमीटर, बारा मिलिमीटर,
कोणाला उजेड मागून, कोणाला वरून.

राजांना वरून.
बाबिलोनच्या राजांना तर आख्खी भिंत दिलीये:
दाढ्यांचे वळसे, हातात काठी, पायाखाली कोणीतरी.
नावं पितळी अक्षरांत,
एकेका नावात एकेक देव कोंबलेला.

सात नंबरच्या पेटीत मात्र
वापरून झिजलेल्या साबणाएवढी
मातीची एक वडी.
वदीआबाई हातमोजे घालून ती घेऊन आल्या
तेव्हा विचारलं, हा कुठला राजा?
म्हणाल्या, राजा कसला. बंदरावर तांबं उतरायचं,
हा तोलायचा.
नाव इली-इद्दिनम.
म्हणजे?
माझ्या देवाने दिला.
म्हटलं, आमच्या आळीत देवदत्त होता एक.
कल्हई करायचा.

मग त्यांनी वाचून दाखवलं,
बोट वडीपासून इंचभर वर धरून,
उजेड तिरपा हवा म्हणून माझा टॉर्च घेऊन:

*तांबं पोचलं तीनशे बारा मना.*
*पावती तीनशे चौदाची.*
*दोन मना कुठे गेलं मला ठाऊक नाही.*
*नाखवा म्हणतो समुद्राने खाल्लं.*
*माझ्या वाटच्या जवातून भरून देतो आहे.*
*धाकटीचे पुढचे दात आले का ते कळवा.*
*इथलं पाणी गोड आहे, पण*

पण काय?
पुढे तुटलंय, म्हणाल्या.

मना?
वजन. साधारण अर्धा किलो.
आमच्याकडे मण असतो, चाळीस शेरांचा.
वदीआबाई हसल्या. तोच असेल, होडीने गेलेला.
वाटेत बराच जाड झाला.

माझा बाप तांबट.
घंगाळं ठोकून ठोकून कानाने गेला,
मग नुसता मोड घ्यायचा, तोलून.
त्याच्या तागडीच्या डाव्या पारड्याखाली
मेणाचा गोळा चिकटवलेला.
गिऱ्हाईक म्हणे, मापात पाप.
बाप ऐकू न आल्यासारखं करायचा.
मला एकदाच म्हणाला:
तागडी जन्मतःच वाकडी असते रे,
हा पासंग तिला सरळ करायला.

त्या भिंतीवरच्यांच्या पासंगालाही पुरणार नाही
हा सात नंबरवाला.
शिक्कासुद्धा नाही त्याच्याकडे.
खाली, जिथे शिक्का उठवायचा,
तिथे नख रोवलंय ओल्या मातीत.
अंगठ्याचं असावं. थोडं वाकडं.
कामाच्या माणसाचं नख, चिरलेलं.

रात्री काच चढवली. कुंजुमोनने एक बाजू धरली.
सिलिकॉन ओलं होतं,
कोपऱ्यात माझा अंगठा उठला, रेघांसकट.
तसाच ठेवावा असं वाटलं.
मग पुसला. सकाळी साहेब तपासतात.
कुंजुमोन म्हणाला, कोणाशी बोलतोयस?
म्हटलं, याच्या पोरीचे दात आले की नाही
कोणी कळवलं असेल का याला.
तो म्हणाला, चल, बस जाईल.

जूनमध्ये सुट्टी.
मुहर्रकच्या विमानतळावर पट्ट्यावर बॅग ठेवली,
लाल आकडे पळाले आणि थांबले: बत्तीस.
तीसच चालतात.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, दोन जास्त आहेत.
दोन, म्हटलं.
होय, दोन.
मागे रांग. मी खाली बसून बॅग उघडली,
खजुराचं खोकं काढलं, साबण काढले,
पोरीचा रंगाचा डबा काढला, परत घातला.

वर पाहिलं.
तिच्या अंगठ्याचं नख चिरलं होतं.
आकड्याकडे न बघता
तिने चिठ्ठी चिकटवली.